तात

हेप्सिबाबाईंनी पहिल्याच दिवशी
आमच्या वाद्यांवरच्या पोलादी तारा उतरवल्या.
जालन्यात, जिथं निम्म्या गावाचं पोट सळईवर चालतं,
तिथं म्हणाल्या, पोलाद नको.
आतड्याची तात लावा. तीनशे वर्षांपूर्वी तीच होती.

त्या हॉलंडला सहा महिने शिकून आलेल्या.
येताना आणला एक गज, धनुष्यासारखा बाहेर वाकलेला,
आणि हट्ट.
सूर अर्ध्या पायरीनं उतरवा.
बोट थरथरवू नका, ज्याला थंडी वाजते त्यानं थरथरावं.
सारखं लिहिलंय म्हणून सारखं वाजवू नका,
पहिला स्वर जरा रेंगाळू दे,
दुसरा धावत येऊन गाठेल त्याला.

मी बियाण्यांच्या कंपनीत उगवण मोजतो,
शंभर दाण्यांत कोंब किती.
मला सारखं म्हणजे सारखंच कळतं.
लंगडायला शिकण्यात माझा अख्खा चैत्र गेला.

याकोबकाकांच्या पायपेटीसमोर त्यांनी कागद ठेवला :
खाली एकेक स्वर, त्यावर नुसते आकडे.
सहा. सात. चार, मग तीन.
"बाकीचं?"
"बाकीचं तुम्ही भरायचं, काका. तेव्हा असंच असायचं."
काका हसले. "मग तेव्हाचा मीच की!
आपली निम्मी गाण्याची पुस्तकं उंदरांनी खाल्लीत,
चाळीस वर्षं भरतोच आहे."

मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीला,
माझ्या चेलोची सगळ्यात जाड तात तुटली.
बाहेरून मागवायची तर आठ हजार आणि दीड महिना.
कार्यक्रम रविवारी.

कादराबादेत खाजामियाँ पिंजाऱ्याच्या दुकानात
मशीन घरघरत होतं, हवेत कापूस.
भिंतीवर पिंजण टांगलेलं.
वाकलेलं लाकूड, ताणलेली तात :
मी बाईंच्या गजाकडं बघतो तसा बघत राहिलो.
"चर्चात गाद्या भरायल्यात का?" त्यांनी विचारलं.
मी सांगितलं. त्यांना पटलं नाही,
पण डब्यातून तेल लावलेलं एक वेटोळं काढलं.
बापानं वळून घेतलेली, म्हणाले, शेवटची.
पैसे? "आधी वाजू द्या."

खुंटी पिळताना तिच्यातून भुरभुर उडाली,
कुणाच्या तरी लेकीच्या रुखवतातल्या गादीची असेल.
पहिला गज ओढला तर खरखर.
दुसरा ओढला
आणि पायाखालची फरशी गुरगुरल्यासारखी झाली.
बाई काही बोलल्या नाहीत.
त्यांनी त्यांचा व्हायोलिन खाली ठेवला, तो मात्र हळूच.

मला विचारायचं होतं,
बाई, तेव्हाचं म्हणजे कुठलं तेव्हाचं?
हे चर्च त्या संगीताहून लहान, पलटणीसाठी बांधलेलं.
बाहेर तापानं गेलेल्या सोजिरांची थडगी,
वीस वर्षांचा, बावीस वर्षांचा,
आणि दगडावर चरणारी शेळी.
ज्या साली तिकडं कुणी हे स्वर लिहीत होतं
त्या साली इथंही कुणी तात ताणली असेल,
टंग् टंग्, टंग् टंग्,
पहिला ठोका रेंगाळता, दुसरा धावता.
विचारलं नाही. तालीम अर्धी राहिली होती.

रविवारी एकवीस माणसं आली, त्यात पाच लेकरं.
पंखे बंद ठेवले, कागद उडतात म्हणून.
संथ भागात माझा सूर दोनदा उतरला,
घामानं तात सैलावते.
याकोबकाकांनी आकड्यांत नसलेलं काहीतरी भरलं
आणि मला सावरून घेतलं.

शेवटच्या बाकावर खाजामियाँ,
चपला दाराबाहेर काढून आलेले,
मिशीत कापूस.
टाळ्या संपल्यावर ते सरळ माझ्यापाशी आले,
चेलोकडं न बघता अंगठ्यानं तात एकदा छेडली,
कान तिरका केला.

"अजून ढिल्ली हाय," म्हणाले,
आणि खुंटी कुठली ते विचारलं.